लियेमाच्या मनगटातली नाडी

खायेलित्शा, केप टाउन
सोमवार, ११ मे १९९८

ताता,

पत्राची सुरुवात 'आम्ही इथे सुखरूप आहोत, तुम्हीही असालच' अशी करायची, हे बाप म्हणून तुम्हीच मला शिकवलंत. आम्ही सुखरूप नाही. म्हणून ते वाक्य मी लिहीत नाही.

तुम्ही उपचारासाठी माझ्याकडे पाठवलेल्या लियेमाला काय झालंय, ते इथल्या रुग्णालयात कळलं. हे पत्र नोझुकोवहिनी तुम्हाला वाचून दाखवणार, आणि लियेमा तिचीच मुलगी. म्हणून दोन दिवस मी सौम्य शब्द शोधत बसले. सापडले नाहीत. वहिनी, आधी नीट बस, मग पुढे वाच.

हृदयातून निघणारी जी सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी असते, ती तिची आतून सुजली आहे. सूज भिंतीला आहे, त्यामुळे मधली वाट अरुंद झाली. डाव्या हाताकडे जाणारी फांदी जवळजवळ बंद आहे, म्हणून तिच्या डाव्या मनगटाला नाडी लागत नाही. गावाकडच्या नर्सला वाटलं होतं, आपल्यालाच सापडत नाही. नव्हतीच. मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या फांद्याही सुजल्या आहेत. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की ते सगळ्या शरीराचा दाब वाढवतं, असं डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं. तिची डोकेदुखी त्यातली. एप्रिलमध्ये आलेली फीट त्यातली. हात वर धरून फळ्यावर लिहिता येत नव्हतं म्हणून शाळेतल्या बाईंनी तिला आळशी म्हटलं आणि छडी मारली, तेही त्यातलंच.

डॉक्टरांचं नाव सोलोमन्स. बाई आहेत, बारीकशा, फार पटपट बोलतात. त्यांनी लियेमाच्या हाताला क्षयाच्या चाचणीची सुई टोचली. तीन दिवसांनी तिथे पाण्याने भरलेला फोड आला. डॉक्टरांनी तो पट्टीने मोजला आणि शेजारच्या डॉक्टरला बघायला बोलावलं.

मी त्यांना विचारलं, क्षयामुळेच हे झालं का? त्या म्हणाल्या, "ते पक्कं कुणालाच माहीत नाही. पण या सुजेची जी मुलं आमच्याकडे येतात, त्यांतल्या पुष्कळांच्या अंगात क्षय सापडतो." मी हे जसंच्या तसं लिहिते आहे, कारण जे सिद्ध झालेलं नाही ते मला तुमच्यावर टाकायचं नाही. जे सिद्ध आहे ते एवढं, की तिच्या अंगात क्षय आहे, आणि मुलं तो मोठ्या माणसाच्या खोकल्यातून घेतात.

डॉक्टर विचारतात, घरात कोण खोकतं?

ताता, १९८७ साली खाणीच्या दवाखान्याने तुम्हाला ज्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या तुम्ही पूर्ण केल्या का? हो की नाही, एवढंच कळवा.

तुमची,
फेलोकाझी

शनिवार, ३० मे

ताता,

तुमचं उत्तर मिळालं. वहिनीच्या अक्षरात होतं, पण शब्द तुमचेच असणार. पांढऱ्या गायीला वासरू झालं. वारा फार आहे. लियेमाच्या छातीला निलगिरीचं तेल चोळावं आणि तिला थंडीत बाहेर नेऊ नये. चर्चच्या मंडळीने तिच्यासाठी प्रार्थना केली.

मी एक प्रश्न विचारला होता. तुमच्या दोन पानांत त्याचं उत्तर कुठेच नाही. मी तीनदा शोधलं.

मग मीच सांगते. तुम्ही खाणीतून कायमचे घरी आलात तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. तुम्ही मला गुरांच्या आवाराजवळ बोलावलंत, खिशातून घडी केलेला कागद काढलात आणि म्हणालात, "वाच, इंग्रजी बाई." आपल्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. मला किती अभिमान वाटला होता! मी वाचलं. क्षय. आठ महिने गोळ्या. दर महिन्याला दवाखान्यात जाऊन घ्यायच्या. तुम्ही कागदाची पुन्हा घडी केलीत. मग म्हणालात, "घरात सांगताना म्हण, छातीत खाणीची धूळ आहे. धुळीला कुणी हसत नाही."

आणि संध्याकाळी मी सगळ्यांसमोर तो कागद उघडून धूळ वाचली. कागदावर तो शब्द नव्हताच. कुणाला कळणार होतं?

तुम्ही दोन महिने गोळ्या घेतल्यात. मग दवाखान्याच्या क्षयाच्या दाराशी आपल्या मंडळीतला कुणी दिसला, आणि तुम्ही जाणं सोडलंत. उरलेल्या गोळ्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्यात आणि खोकला वाढला की चार दिवस घ्यायच्या, थांबला की बंद. मला हे माहीत होतं. सुट्टीत आले की गोळ्या मोजायचे मी. तुम्हाला विचारायची छाती झाली नाही.

भाऊ झामिखाया, लियेमाचा बाप, खाणीत गेला, म्हणजे दगडाखाली सापडून मेला, तेव्हा लियेमा चार वर्षांची होती. सहा वर्षांची झाली तशी तिला तुमच्या गोल घरात झोपायला पाठवलं. का, तर सून सासऱ्याच्या बाजूला पाऊल टाकत नाही, त्यांच्या अंथरुणाजवळ जात नाही, म्हणून वहिनी तुमची सेवा करू शकत नव्हती. मग रात्री पाणी द्यायला, थुंकायचा डबा धरायला, चूल पेटती ठेवायला कोण? सहा वर्षांची पोर. दार बंद, वारा नको म्हणून. तीन वर्षं.

ताता, तीन वर्षं म्हणजे पुष्कळ झाली.

काल वॉर्डात ती मला म्हणाली, "आत्या, माझा डावा हात मेलाय का?"

तिथली सिस्टर, मोठी धिप्पाड बाई, पलीकडच्या खाटेवरूनच ओरडली, "मेला असता तर काल त्या हाताने शेजारणीचा पाव कुणी उचलला ग? भुताने?"

लियेमा इतकी हसली की तिच्या नाकातून रक्त आलं. मग सगळेच धावले. दाब मोजायची पट्टी उजव्या हाताला, पायांना, पुन्हा हाताला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला तुमचा राग येत होता. आजही येतो आहे. मी उगीच नरम लिहिणार नाही.

हो की नाही?

फेलोकाझी

रविवार, २१ जून

ताता,

तुमचं दुसरं पत्र आलं. त्यात म्हटलंय की लियेमाला पूर्वजांपुढे नेण्याची बकरी कापायची राहून गेली, तिचा बाप गेला तेव्हापासून राहिली, म्हणून हे सगळं होतंय. तिला घरी पाठव, बकरी तयार आहे.

कापा. मी बकरीच्या विरुद्ध नाही. माझ्यासाठी कापली होती, तिच्यासाठीही कापा. पण आधी माझं ऐका.

आधी माझी कबुली. रुग्णालयात पहिल्या दिवशी एक फॉर्म भरायचा होता. 'घरात कुणाला क्षय आहे किंवा होता का?' मी 'नाही' असं लिहिलं. मला कुणी धमकावलं नव्हतं. तुम्ही हजार किलोमीटर दूर होतात. माझा हात आपोआप तिकडे गेला, त्या संध्याकाळी जीभ धुळीकडे गेली होती तसाच. पहिल्या पत्रात मी हे लपवलं आणि सगळा जाब तुम्हाला विचारला. पाच आठवडे डॉक्टर मलेरियापासून काय काय शोधत होते आणि 'नाही' माझ्या सुंदर अक्षरात त्यांच्यासमोर होतं.

गेल्या मंगळवारी मी जाऊन ते खोडलं. सिस्टर म्हणाली, "शिकलेली पोरगी ना तू? मास्तरीण होणार ना? फळ्यावर काय लिहिणार, जे सोयीचं ते?"  मग तिने पेन माझ्या हातात दिलं. मी तुमचं पूर्ण नाव लिहिलं, सोनवाबो, आणि गावाचं नाव, आणि साल. एकेक अक्षर वाचता येईल असं.

आता नीट ऐका, ताता. हे मी डॉक्टरांना दोनदा विचारून लिहिते आहे.

लियेमाला क्षयाची नेहमीची औषधं चालू आहेत. ताप उतरत नाही. शिरांची सूज उतरवायचं औषध वेगळं आहे, ते जोरात द्यायला हवं, पण त्याने शरीराची राखण ढिली पडते. क्षयाचं औषध लागू पडत नसेल तर क्षयच मोकाट सुटेल. आणि सूज उतरेपर्यंत मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीची वाट फुगा घालून रुंद करता येत नाही. सगळं एकमेकांत अडकलं आहे. कुठून सोडवायचं, तर तिच्या क्षयाला कुठलं औषध लागू पडतं ते कळलं की. तिच्या थुंकीत आणि पोटातल्या पाण्यात जंतू सापडले नाहीत. मुलांच्यात ते सापडतच नाहीत सहसा. ज्याच्याकडून आले त्याच्यात सापडतात. अर्धवट गोळ्या घेणाऱ्याचे जंतू कधी कधी गोळ्यांना दाद देईनासे होतात.

म्हणजे तुमची थुंकी हवी. एक बाटली. सकाळी उठल्याबरोबर, उघड्यावर उभं राहून, खोल खोकून. बाजारगावच्या दवाखान्यातली सिस्टर बाटली देईल, ती पुढे प्रयोगशाळेत पाठवेल. उत्तर यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढे आठवडे लियेमाकडे आहेत का, ते डॉ. सोलोमन्सनी सांगितलं नाही. मी विचारलं होतं.

तुम्ही दर रविवारी चर्चमध्ये उपदेशकाचं लाल जाकीट घालून उभे राहता आणि खरं बोला म्हणून सांगता. तुम्ही खाणीत वीस वर्षं जमिनीखाली उतरलात, आणि दवाखान्याच्या एका बाकाला भिता. ताता, तुम्ही भित्रे आहात. तुमची लाज तुम्ही एका मुलीच्या श्वासात घातलीत आणि वर तिच्यासाठी प्रार्थना करवून घेता. हे लिहिताना मला भीती वाटते, पण मी ते खोडत नाही.

बाटली. मग बकरी.

फेलोकाझी

सोमवार, १३ जुलै

नोझुकोवहिनी,

हे पत्र तुला आहे. ताताला वाचून दाखवू नकोस.

परवा उत्तर आलं. 'ताता म्हणतात, तुझ्या प्रेमळ शब्दांनी त्यांना फार बरं वाटलं.'

कुठले प्रेमळ शब्द? मी त्यांना भित्रे म्हटलं होतं!

वहिनी, तू काय वाचतेस त्यांच्यापुढे? पहिल्या पत्रातला प्रश्न वाचलास? कागदाचं, धुळीचं वाचलंस? बाटली हा शब्द तरी त्यांच्या कानावर गेला का? दोन महिने मी इथे रात्रंदिवस शब्द जुळवते आहे, आणि तू दाराशी बसून त्यातलं गाय-वासरू तेवढं वाचतेस? माझी पत्रं तू वापरलेल्या चहापत्तीसारखी गाळून त्यांना देतेस?

शुक्रवारी लियेमाचा दाब इतका चढला की एका डोळ्याने तिला दिसेनासं झालं. चार तासांनी परत दिसलं. ती तुझी मुलगी आहे. माझी असती तर मी कसलीही रीत पाळली नसती.

उद्याच्या उद्या सगळी पत्रं काढ आणि वाच. एकूण एक ओळ.

फे.

लुथुबेनी
शुक्रवार, २४ जुलै

फेलोकाझी,

तुझं पत्र मिळालं. मी चौथीपर्यंत शिकले. हळू लिहिते. चुका असतील तर तुझ्या लाल पेनने दुरुस्त कर.

हो, मी गाळलं. तुला माहीत आहे मी कुठे बसते. डावीकडे, दाराशी, चटईवर. डोक्याला रुमाल कपाळापर्यंत, खांद्यावर शाल. ते उजवीकडे बाकावर. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही. त्यांचं नाव घ्यायचं नाही. त्यांच्या नावासारखा दुसरा शब्द असेल तर तोही घ्यायचा नाही. आणि त्या तोंडाने मी म्हणू, ताता, तुम्ही भित्रे आहात? तू तिकडून लिहितेस. लिहिणाऱ्याला समोर कुणी दिसत नाही. वाचणाऱ्याला दिसतं.

मागे मी दवाखान्यात गेले होते, लियेमाच्या डोकेदुखीसाठी. नर्सने विचारलं, घरात कोण खोकतं, नाव सांग. मी नाव घेऊ शकत नाही. मी म्हटलं, म्हातारं माणूस आहे. ती म्हणाली, म्हातारे सगळेच खोकतात, आणि पुढचीला आत बोलावलं. ही माझी चूक. ती मी रोज मोजते.

आता तू तुझी ऐक. तू म्हणतेस मी गाळून वाचलं. त्या वर्षी तू कागद उघडलास तेव्हा मी तिथेच होते. नवीन लग्न झालेली, पोटात लियेमाच्या आधीचं, जे राहिलं नाही. तू वाचलंस, धूळ. मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं, केवढी हुशार आहे ही, आपल्या मुलीला हिच्यासारखं करायचं. तू म्हणालीस धूळ, म्हणून मी धूळ मानली. धुळीने कुणाचं काय होतं? क्षय आहे कळलं असतं तर मी रीतभात चुलीत घालून स्वतः त्या अंथरुणाशी बसले असते. पोरीला पाठवलं नसतं. तिला त्या घरात मी ताताच्या सांगण्यावरून नाही पाठवलं. तुझ्या वाचण्यावरून पाठवलं.

'माझी असती तर' असं परत लिहू नकोस.

सोमवार, २७ जुलै

पत्र पोस्टात टाकलं नव्हतं. बाकीचं लिहिते.

काल मंडळीतून आल्यावर ते बाकावर बसले, लाल जाकीट अंगावरच. मी तिन्ही पत्रं काढली. म्हटलं, ताता, मी ही नीट वाचली नव्हती, परत वाचते. ते म्हणाले, वाच.

मी सगळं वाचलं. भित्रे म्हटलंय तिथे त्यांनी हात वर केला. मी सवयीने थांबले. मग पुन्हा तीच ओळ वाचली. ते म्हणाले, "मकोटी, सूनबाई, हे माझी मुलगी बोलते की तू?"

मी म्हटलं, "शब्द तिचे आहेत, ताता. आवाज माझा."

बाटली मी शनिवारीच आणून ठेवली होती. मी उठले आणि त्यांच्या बाजूला गेले. लग्नाला अकरा वर्षं झाली, तिकडे कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बाटली बाकावर त्यांच्या मांडीशेजारी ठेवली. ते माझ्या पायांकडे बघत राहिले, जसे काही ते पाय दुसऱ्याच कुणाचे होते.  मी परत चटईवर गेले नाही, उभीच राहिले, तिथेच, ते उठून बाहेर जाईपर्यंत.

आज सकाळी बाटली उंबऱ्यावर होती. झाकण तिरकं लावलेलं. मी नीट लावलं आणि पहिल्या गाडीने निघाले. गाडीत चढते तर ते आधीच मागे बसलेले, हातात काठी. मी पुढच्या बाकावर बसले.

दवाखान्यात ते क्षयाच्या रांगेत बसले. मंडळीतला खजिनदार तिथून जात होता, म्हणाला, "उपदेशक, तुम्ही इथे कसे?"

ते म्हणाले, "गुडघा रे. फार दुखतो."

गुडघ्याचं दार पलीकडे आहे, सगळ्यांना माहीत आहे. खजिनदार बिचारा त्यांच्या गुडघ्याकडे बघून गेला. शेजारची बाई शाल तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही. पण सिस्टरने बाटली घेतली आणि त्यांचा फोटोही काढला छातीचा. खाणीचा जुना कागदही त्यांनी स्वतः दिला, जाकिटाच्या आतल्या खिशातून. इतकी वर्षं ठेवला होता.

लियेमाला सांग, आई दर दिवशी तिचं नाव मोठ्याने घेते.

नोझुको

बुधवार, ५ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. लाल पेन हातात घेतलं नाही.

तू लिहिलंस ते खरं आहे.  क्षमा माग म्हणून तू लिहिलं नाहीस, तरी मागते. द्यायची की नाही, तू बघ. मी धरून बसणार नाही.

बाटली गेल्याचं मी डॉ. सोलोमन्सना सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ आठवडे पुढे मोजून गोल केला. लियेमाने तो गोल पाहिला आणि विचारलं, "तो माझा वाढदिवस का?" त्या म्हणाल्या, "झाला तर वाढदिवसच."

तिच्या हाताचा एक्स-रे, पोटाचा एक्स-रे, सगळीकडे ती हल्ली स्वतःच चालत जाते आणि सांगते, "डावीकडे नाडी शोधू नका, लागत नाही, उजवीकडे या." नवीन डॉक्टर लाजतात.

तुझी,
फेलोकाझी

शनिवार, २६ सप्टेंबर

वहिनी, हे ताताला वाचून दाखवायचं आहे. सगळं.

ताता,

तुमच्या बाटलीचं उत्तर गुरुवारी आलं. तुमच्या थुंकीतले जंतू क्षयाचे आहेत, आणि दोन मुख्य औषधांना ते दाद देत नाहीत. त्याच दोन औषधांवर लियेमाला साडेचार महिने ठेवलं होतं.

गुरुवारी दुपारीच तिची औषधं बदलली. नवी औषधं कडू आहेत आणि रोज एक इंजेक्शन आहे. त्या इंजेक्शनने कान जाऊ शकतात, म्हणून दर आठवड्याला तिचे कान तपासतात. उजवं मूत्रपिंड वाळून गेलं आहे, ते काढावं लागेल. डावं राहील, असं डॉक्टर म्हणतात. जून महिन्यात हे कळलं असतं तर उजवं राहिलं असतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कदाचित. मला खरंच माहीत नाही." म्हणून मीही कदाचित एवढंच लिहिते. पण ती जगेल, असं त्यांनी पहिल्यांदा म्हटलं. अगदी सहज स्वरात म्हटलं, फाईल लिहिता लिहिता. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले.

तिकडच्या दवाखान्याला हे आमच्या आधीच कळलं होतं; वहिनी लिहिते की तुम्हाला दीड वर्ष क्षयाच्या रुग्णालयात राहायला जावं लागणार, सोमवारी, १२ ऑक्टोबरला, गाडी न्यायला येणार. तुम्ही दोन निरोप दिले आहेत. एक, जाण्याआधी मी तुम्हाला माफ केलं असं लिहून पाठवावं. दुसरा, मंडळीत सगळ्यांना गुडघ्याच्या उपचारासाठी चाललोय असं सांगावं.

पहिल्याचं उत्तर. नाही लिहिणार. माझ्या मनात आज ते नाही, आणि मनात नसलेलं मी तुमच्यापुढे वाचायला पाठवणार नाही. तुम्ही मला शाळेत घातलंत, गाव हसलं तरी घातलंत, हे मी विसरले नाही. रागही विसरले नाही. दोन्ही आहेत. तुम्ही गोळ्या घ्या. रोज, सिस्टरच्या समोर, दीड वर्ष. एकही दिवस चुकवू नका. मग विचारा मला, तेव्हा जे असेल ते सांगेन.

दुसऱ्याचं उत्तर. गुडघा म्हणायचं नाही.

तुमच्या गोल घरात लियेमा एकटी नव्हती. शनिवारी गीतं शिकायला मुलं यायची, दार बंद करून, तुमच्या भोवती जमिनीवर बसायची. लियेमाने मला सात नावं सांगितली. तिला आणखी एक आठवत नाही, तुम्हाला आठवेल. त्या प्रत्येक मुलाच्या हाताला सुई टोचायला हवी, आणि त्यांच्या मनगटांना, दोन्ही मनगटांना, कुणीतरी हात लावून बघायला हवा. खोकत आहेत का, डोकं दुखतं का, हात भरून येतो का. कुणाला क्षय निघाला तर तो जुन्या औषधांनी बरा होणार नाही, कुठल्या औषधांनी होईल ते आता तुमच्या कागदावर लिहिलेलं आहे. तुम्ही गुडघा म्हटलंत तर त्यांना कुणी बोलावणारच नाही.

जाण्याच्या आदल्या रविवारी तुम्ही मंडळीत उभे राहून सांगा. जाकीट घालून सांगा किंवा न घालता. तुमच्याने नसेल होत तर तसं वहिनीला आज सांगा.

वहिनी, ताता मध्येच हात वर करतील. वाचत राहा. आणि ते रविवारी बोलले नाहीत तर हे पत्र गुरुवारी बायकांच्या प्रार्थनेला घेऊन जा. त्या मुलांच्या आया तिथेच बसतात. उभी राहा आणि त्यांनाही वाचून दाखव, पहिल्या ओळीपासून. तो कागद धूळ म्हणून कुणी वाचला होता, तेही सांग. माझं नाव गाळू नकोस.

फेलोकाझी